फरशीच्या रांगेतली माझी जागा

मी, खाली सही करणारा, वय वर्षे सत्तावीस, धंदा फरशी बसवण्याचा, शिक्षण आठवीपर्यंत, आज पूर्ण शुद्धीत असताना आणि कुणाच्याही दडपणाखाली न येता हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. येत्या सोमवारी सकाळी माझ्या हृदयाची एक झडप बदलणार आहेत. डॉक्टर म्हणाले, "बहुतेक जण आठवड्याभरात चालत घरी जातात." मी विचारले, "आणि बाकीचे?" ते म्हणाले, "तू बहुतेकांचा विचार कर." मी दोघांचाही विचार करतो. माझा स्वभावच तसा आहे. कुलूप लावल्यावर मी ते ओढून बघतो आणि अर्ध्या जिन्यावरून परत येऊन पुन्हा ओढतो, हे शेजाऱ्यांना ठाऊक आहे.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. घरात आम्ही तीन माणसे आहोत: आई, वहिनी आणि मी. वडील मी लहान असतानाच गेले. वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची, दादाची, बायको. दादा चार वर्षांपूर्वी तापाने गेला. त्यांना मूलबाळ नाही. माझे लग्न झालेले नाही, त्याचे कारण कलम चारमध्ये येईल.

खरे सांगायचे तर हा कागद कलम पाचसाठी आहे. मजूर नाक्यावर फरशीवाल्यांच्या रांगेत माझी जी जागा आहे, ती माझ्यामागे वहिनींना मिळावी, दुसऱ्या कुणाला नाही. ती मिळाली तर घर चालेल. नाही मिळाली तर चालणार नाही. बाकीची कलमेही आवश्यक आहेत, पण त्यांच्यासाठी मी नवे पेन विकत घेतले नसते.

कलम १. खोली

आम्ही राहतो ती खोली भाड्याची आहे. तिच्यावर मी हक्क सांगत नाही. घरमालक अजून वडिलांच्याच नावाने पावती फाडतो. म्हणतो, "नाव बदलायचं तर भाडंही बदलेल." त्यामुळे आमचे वडील पावतीपुरते जिवंत आहेत. आई आणि वहिनींनी त्यांना तसेच राहू द्यावे.

खोलीतली फरशी मात्र आमची आहे. लोकांच्या घरांत काम करताना उरलेले तुकडे त्या घरांच्या मालकांना विचारून आणले आणि दादाने व मी ती बसवली. दाराशी एका दवाखान्याची पांढरी आहे, ओट्याखाली एका हॉटेलची काळी, आणि आईचे अंथरूण जिथे पडते तिथे कुणा वकिलाच्या दिवाणखान्याची, सोनेरी रेघ असलेली. भाडे वाढवताना घरमालक म्हणतो, "फरशी बघा केवढी छान आहे." त्याने यापुढे हे कारण देऊ नये. दिले तर वहिनींनी त्याला हे कलम वाचून दाखवावे.

लोखंडी खाट वहिनींना द्यावी. मी आजारी पडल्यापासून ती मला मिळाली आणि त्या जमिनीवर झोपतात.

कलम २. बँकेतले पैसे

माझ्या बचत खात्यात त्या दिवशी जे असेल ते सर्व आईचे. आकडा लिहीत नाही, कारण तो बदलत राहतो आणि बहुधा एकाच दिशेने बदलतो.

माझ्यामागे जे करायचे ते साधेपणाने करावे. उसने काढून काहीही करू नये. दादाच्या वेळी, लोक काय म्हणतील म्हणून जे केले ते फेडण्यात आमची दोन वर्षे गेली, आणि लोक काही म्हणायला फिरकले नाहीत.

कलम ३. हत्यारे

मोठी थापी, छोटी थापी, लेव्हल, रबरी हातोडा, दोरी, गुडघ्यांना बांधायच्या दोन्ही गाद्या आणि हे सगळे ज्यात राहते ती कॅनव्हासची थैली, असे सर्व वहिनींना द्यावे. लेव्हलमधला बुडबुडा किंचित उजवीकडे झुकतो. हे त्यांना माहीत आहे, तरी लिहून ठेवतो.

फरशी कापायचा कटर धाकट्या काकांच्या जावयाला द्यावा. कारखाना बंद पडून त्याची नोकरी गेली आहे आणि तो हे काम शिकतो आहे. कटरचे चाक काकांनी मागून नेले तेव्हा मोडले. "आधीपासूनच मोडलेलं होतं," असे ते म्हणतात. जावयाने ते सासऱ्यांकडून बसवून घ्यावे.

सायकल माझ्या शेजारी उभ्या राहणाऱ्या मुक्याला द्यावी. (मुका हे त्याचे नाव नाही. त्याचे तोंड बंद होत नाही म्हणून नाक्यावर त्याला मुका म्हणतात.)

ही सायकलची ओळ मी रद्द करतो. शुक्रवारी कोर्टासमोरचे टंकलेखक हा कागद वाचून म्हणाले की मृत्युपत्रात ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, आणि मला मुक्याची सही हवी आहे. सायकल विकावी. मुक्याने रागावू नये. तसेही तिला ब्रेक नाहीत.

कलम ४. आईबद्दल

हे कलम वस्तूंबद्दल नाही. तरी ते मृत्युपत्रात राहावे अशी माझी इच्छा आहे.

दोन वर्षांपूर्वी माझ्या लग्नाचे बोलणे चालू होते. मध्यस्थाने आईला बजावले होते, "मुलीकडची माणसं चौकशीला न सांगता येतील. घर नीट ठेवा आणि तोंड सांभाळून बोला." त्याच आठवड्यात दुपारी एक बाई आल्या. स्वच्छ कपडे, हातात फाइल, गोड बोलणे. त्या सरकारी पाहणीसाठी आल्या होत्या. घरोघर जाऊन कोण काय काम करते आणि घरात किती येते ते लिहून घेत होत्या. त्यांनी तसे सांगितलेही असणार. पण आईने दारातच ओळखले की ही मुलीची आत्या.

आईने शेजारणीकडून चांगले कप आणले आणि चहा केला. बाईंनी विचारले, "घरात कमावतं कोण?"

"मुलगा आहे ना माझा. कंपनीत आहे. कायमची नोकरी, महिन्याच्या महिन्याला पगार."

"आणि सून?"

"सुनेला बाहेर पडायची काय गरज? घरीच असते, राणीसारखी."

त्या वेळी वहिनी आणि मी शहराच्या दुसऱ्या टोकाला एका न्हाणीघरात गुडघ्यांवर बसलो होतो.

"फ्रिज तुमचाच?"

"मग काय शेजाऱ्यांचा?" आई म्हणाली. फ्रिज शेजाऱ्यांचाच होता. त्यांच्या खोलीत जागा नाही म्हणून तो आमच्याकडे असतो. पलीकडची खोलीही आईने आमच्यात धरली. उठताना आईने हळूच विचारले, "मुलगी किती शिकलीय हो?" बाई म्हणाल्या, "कुठली मुलगी?" संध्याकाळी आई आम्हाला कौतुकाने सांगत होती, "भारी पक्की बाई. काही म्हणजे काही ताकास तूर लागू दिली नाही."

मुलीकडची खरी माणसे पुढच्या महिन्यात आली. त्यांनी नाक्यावर जाऊन चौकशी केली आणि ती परत फिरली. ती बरोबरच वागली. त्या मुलीबद्दल माझ्या मनात काही नाही. ती जिथे असेल तिथे सुखात असो.

सवलतीच्या उपचारांसाठी कार्ड करायला गेलो तेव्हा कळले की आमचे कुटुंब गरीब नाही. खिडकीतल्या माणसाने वाचून दाखवले: एक कायम नोकरदार, दोन खोल्या, फ्रिज, घरातील स्त्रिया काम करत नाहीत. मी म्हणालो, "हे आमचं घर नाही." तो म्हणाला, "पत्ता तर तुमचाच आहे." दुरुस्ती पुढच्या पाहणीत होईल असे सांगितले. मग मी धर्मादाय खाटेसाठी नंबर लावला आणि नंबर येईपर्यंत जिना चढताना वरच्या टप्प्यावर लागणारा दम मला खालच्याच टप्प्यावर लागू लागला.

माझे काही बरेवाईट झाले तर त्याचा दोष आईवर कुणीही टाकू नये. नातेवाइकांनी तर मुळीच नाही. दारात आलेल्या परक्या माणसासमोर आमचे घर चांगले दिसावे एवढेच तिने पाहिले. त्या प्रकारानंतर दार वाजले की ती कुणी काही विचारायच्या आत म्हणते, "आमच्याकडे काही नाही हो." मला ते ऐकवत नाही. वहिनींनी तिला हळूहळू या सवयीतून बाहेर काढावे.

पुढची पाहणी होईल तेव्हा मी नसलो तर वहिनींनी स्वतः दारात उभे राहून उत्तरे द्यावीत. घरात कमावते कोण, या प्रश्नाला त्यांनी "मी" असे म्हणावे. आई मागून काही बोलली तर बाईंनी ते लिहू नये.

कलम ५. नाक्यावरची जागा

ज्यांना नाका माहीत नाही त्यांच्यासाठी लिहितो. सकाळी ठेकेदार आणि ज्यांच्या घरी काम आहे ते मालक तिथे येऊन दिवसापुरती माणसे घेऊन जातात. फुटपाथवर प्रत्येक कामाचा आपला तुकडा आहे: आधी रंगारी, मग गवंडी, मग आम्ही फरशीवाले. रस्त्याच्या पलीकडे मदतनीस, म्हणजे माल कालवणारे आणि ओझी वाहणारे. बायका सगळ्या पलीकडे. पलीकडची मजुरी आमच्या निम्मी.

आमच्या रांगेत जागा कायद्याने कुणाची नाही, पण कुणाची आहे हे सगळ्यांना ठाऊक असते. माणूस गेला की त्याच्या जागेवर नव्या माणसाने आपली हत्यारांची थैली ठेवायची आणि दोन पावले मागे सरायचे. डाव्या आणि उजव्या शेजाऱ्याने ती उचलून बाजूला ठेवली नाही तर जागा त्याची झाली. वाद नाही, पुन्हा विचारणे नाही. दादा गेल्यावर मी थैली ठेवली होती. डावीकडे मुका होता आणि उजवीकडे आमचे धाकटे काका. दोघांनीही हात लावला नाही.

आता वहिनींबद्दल. काम मिळेनासे झाले तेव्हा दादाने मदतनिसाची मजुरी घरातच राहावी म्हणून त्यांना बरोबर न्यायला सुरुवात केली. त्या माल कालवायच्या, मग सांधे भरू लागल्या, मग फरशी बसवू लागल्या. न्हाणीघराचा उतार त्यांच्यासारखा मला जमत नाही. माझा दम कमी झाल्यापासून गुडघ्यांवर त्याच असतात आणि मी दोरी धरतो. ज्याच्या घरी काम चालू आहे तो मालक जिन्यात आल्याचा आवाज झाला की त्या थापी माझ्या हातात देतात आणि बादली उचलतात. मालक म्हणतो, "हात चांगला आहे हं तुमचा." मी "हो" म्हणतो. हे आम्ही ठरवून कधी केले नाही, आपोआप होत गेले. मजुरी मिळते ती एक फरशीवाल्याची आणि एक मदतनिसाची. मी गेलो तर फरशीवाल्याची जाईल आणि ज्या हाताने फरशी बसते त्या हाताला पलीकडची निम्मी मजुरी मिळेल. त्यात भाडे आणि आईची औषधे, या दोन्हींतले एकच होते.

म्हणून ही जागा मी वहिनींना देतो.

याला काकांची हरकत आहे हे मी लपवत नाही. गेल्या आठवड्यात ते मला बघायला आले होते. संत्री आणली होती. निघताना म्हणाले, "जागेची काळजी करू नकोस. तू आहेस तोवर तुझीच."

"आणि नसलो तर?"

"असं अभद्र बोलू नये. नसलास तर जावई आहे ना. घरी बसून माझ्या पोरीचं डोकं खातोय नुसता."

"आणि वहिनी?"

"तिचं काय? समोर बायकांत उभी राहील. अडवलंय कुणी?"

वहिनी भांडी घासत होत्या. मान न वळवता म्हणाल्या, "समोर निम्मी मजुरी मिळते, काका."

"मग निम्मं काम कर."

"बरं. उरलेल्या निम्म्या पोटाला जावयांकडे पाठवू का?"

आईने तोंडाला पदर लावला. ती हसत होती की काय ते मला दिसले नाही. काका जिन्यावरून मोठ्याने म्हणत गेले, "बाई रांगेत आली की भाव पडलाच समजा! निम्म्यात करणारी उभी असल्यावर आम्हाला कोण विचारतो?"

काकांबद्दल माझ्या मनात राग नाही, म्हणजे चाकाचा सोडून. त्यांच्या घरात पाच खाणारी तोंडे आहेत आणि आणणारे ते एकटे. त्यांचे वय झाले आहे. सकाळी ठेकेदाराची गाडी आली की ते पाठ ताठ करून उभे राहतात. जागा एक आहे आणि तिच्याकडे दोन घरे डोळे लावून बसली आहेत, हे मला समजते. तरी ती वहिनींचीच.

कलम ६.

माझे दोन शर्ट नवे आहेत. ते कुणाला द्यायचे ते आईने ठरवावे. तिने ते ठेवून घेतले तरी चालेल.

पुरवणी

वरचे लिहून झाल्यावर शुक्रवारी मी कोर्टासमोरच्या टंकलेखकांना ते दाखवले. ते असे कागद रोज करतात. त्यांनी कलम पाच वाचले, चष्मा काढला आणि म्हणाले, "अहो, फुटपाथ मृत्युपत्रात कसा लिहिता? तो काय तुमच्या आजोबांचा आहे?"

मी म्हणालो, "भावाची जागा होती."

"असेल. पण हे कुठल्याच कोर्टात चालायचं नाही. आणि मला सांगा, तुम्ही मेल्यावर भांडायला कोण जाणार? हा कागद? जे हातात आहे ते हयातीत देऊन टाका ना."

मला हे सुचले नव्हते. मी सहा दिवस फक्त मेल्यानंतरचाच विचार करत होतो. घरी येऊन वहिनींना सांगितले. त्या म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही बरे होऊन आलात तर? तुम्ही कुठे उभे राहाल?" मी म्हणालो, "ते आल्यावर बघू." आई म्हणाली, "मी पण येते." ती नाक्यावर आजवर कधी आली नव्हती.

शनिवारी सकाळी आम्ही तिघे गेलो. मला वाटेत तीनदा बसावे लागले. वहिनींनी माझ्या जागेवर थैली ठेवली आणि त्या दोन पावले मागे सरल्या. रंगारी चार पावले जवळ आले. पलीकडून बायका बघत होत्या. मुक्याने थैलीकडे पाहिले, मग दुसरीकडे पाहिले आणि म्हणाला, "माझा काही आक्षेप नाही. माझ्या बायकोनं हे ऐकलं तर तीही येईल, ही एक भीती आहे फक्त."

काका वाकले. त्यांनी थैलीचा पट्टा हातात धरला. त्यांच्या मागे जावई उभा होता, त्याची स्वतःची थैली खांद्यावर. मला छातीत धडधडत होते आणि ती झडप आहे की भीती हे कळत नव्हते. आई पुढे झाली. मला वाटले ही आता काहीतरी मोठेपणाचे सांगणार. ती काकांना म्हणाली, "भाऊजी, आमच्या घरात दुसरं कुणी कमावणारं नाही हो." चारचौघांत, मोठ्याने. काकांनी पट्टा सोडला नाही, पण थैली उचललीही नाही. मग वहिनींकडे बघून म्हणाले, "सूनबाई, भाव पाडायचा नाही."

"नाही पाडणार."

"घासाघीस केली तरी नाही. मी घेतो तोच घ्यायचा. एक पै कमी घेतलीस तर मी स्वतः ही थैली पलीकडे फेकून देईन."

"तुम्ही किती घेता ते तुम्हीच सांगा, काका. मोठ्यानं सांगा. सगळ्यांना ऐकू गेलं की मला कुणी कमी देऊ करणार नाही."

काका सरळ उभे राहिले आणि त्यांनी फरशीवाल्याचा भाव ओरडून सांगितला. पलीकडच्या बायकांपर्यंत तो गेला. त्यांच्यातली एक म्हणाली, "परत सांगा हो जरा!" काकांनी पट्टा सोडला.

जावयाला काकांनी रांगेच्या अगदी टोकाला, विजेच्या खांबाजवळ उभे केले. तिथे गाड्या क्वचित थांबतात. याचे मला वाईट वाटले. मी काकांना तसे म्हणालो. ते म्हणाले, "आता बोलू नकोस, दम लागेल."

त्या दिवशी वहिनींना उशिरा काम मिळाले, एका शाळेच्या संडासांचे. ठेकेदाराने आधी मला विचारले, "कारागीर कुठाय?" मी त्यांच्याकडे बोट दाखवले. त्याने एकदा त्यांच्याकडे आणि एकदा काकांकडे पाहिले. काकांनी होकारार्थी मान हलवली. संध्याकाळी वहिनींनी पूर्ण मजुरी आईच्या हातात ठेवली. आईने ती उजेडात धरून पाहिली आणि पुन्हा त्यांच्याच हातात दिली.

म्हणून कलम पाच आता लागू नाही. ती जागा माझी राहिलेली नाही, तेव्हा ती देण्याचा मला अधिकार नाही. खाडाखोड केली तर कागदावर संशय येतो, म्हणून कलम तसेच ठेवले आहे. कलम तीनमधली हत्यारेही वहिनींना कालच दिली.

मी सोमवारनंतर परत आलो तर सहा महिने जड उचलायचे नाही असे सांगितले आहे. त्यानंतर नाक्यावर जाईन तेव्हा फरशीच्या रांगेत मला जागा नसेल. मी पलीकडे मदतनिसांत उभा राहीन. वहिनींनी रस्ता ओलांडून मला बोलवावे. मजुरी तिथली जी असेल ती मला चालेल.

वरील सर्व मी स्वतः लिहिले, पुन्हा वाचले, आणि आईला व वहिनींना वाचून दाखवले. कलम चार वाचताना आई म्हणाली, "ते कप तरी चांगले होते." ते खरे आहे.

स्थळ: आमची राहती खोली, दाराशी जिथे पांढरी फरशी आहे तिथे बसून
दिनांक: दवाखान्यात दाखल होण्याचा रविवार, दुपार

सही: (मृत्युपत्र करणारा)

आमच्या दोघांच्या समोर त्याने सही केली आणि त्याच्या समोर आम्ही केली.

साक्षीदार पहिला: सही. मुका. फरशीवाला. रांगेत वहिनींच्या डावीकडे.

साक्षीदार दुसरा: अंगठा. धाकटे काका. फरशीवाला. रांगेत वहिनींच्या उजवीकडे.